एम्युलेटरवर उडी उशिरा पडते, की माझंच वय झालंय?

खड्ड्यातला_मारिओ (धागाकर्ता)

आवराआवरीत लहानपणचा व्हिडिओ गेम सापडला. एके काळी पांढरा असलेला, आता पिवळा पडलेला डबा, दोन कंट्रोलर डब्यालाच कायमचे जोडलेले, वर कॅसेट खुपसायची खाच. डब्यावर जे नाव छापलंय त्याचा नेटवर मागमूस नाही. एका कॅसेटवर "९९९९ गेम्स" असं लिहिलंय. खरे किती ते आपण सगळे जाणतोच.

चालू केला तर पडदा नुसता करडा. मग तो डबा बाजूला ठेवला आणि कॉम्प्युटरवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, टाकला. कॉम्प्युटर एचडीएमआयने मोठ्या टीव्हीला लावला, यूएसबी कंट्रोलर जोडला, सुपर मारिओ सुरू केला. जग १-१ पासून पाठ. कुठे लपलेली वीट आहे, कुठे कासव येतं, सगळं हाताला आठवतंय. फक्त उडी मारता येत नाही! बटण दाबतो, मारिओ क्षणभर विचार करतो, आणि मग खड्ड्यात जातो. ८-१ पर्यंत कसाबसा पोचलो आणि तिथल्या रुंद खड्ड्यात दहापैकी सात वेळा गेलो.

प्रश्न तीन.
एम्युलेटर स्लो चालतोय का? (कॉम्प्युटर चांगला दणकट आहे.)
एका एम्युलेटरमध्ये आकाश निळं दिसतं, दुसऱ्यात जांभळट. खरं कुठलं?
आणि तो डबा दुरुस्त होईल का?

वाचनमात्र

रुमाल टाकून ठेवतो.

खटपट्या

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोघांवर इथे महायुद्ध होणार आहे.

आधी एक विनंती. कॅसेटमध्ये फुंकू नका. आपण सगळ्यांनी ते केलंय, आणि ते चालायचंही, पण फुंकरीमुळे नाही. कॅसेट काढून परत घातली की पिना नव्या जागी घासतात आणि संपर्क जुळतो, एवढंच. फुंकरीतला ओलावा मात्र आत राहतो आणि पिनांवर गंज धरतो. कापसाची काडी आणि ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. काळा मळ निघेल, काडी पांढरी राहीपर्यंत पुसा. खोडरबर वापरायचा सल्ला सगळीकडे मिळतो, मी देत नाही. मुलामा पातळ असतो, रबर तोही खरवडतो.

दुसरं, अडॅप्टर. हा भाग दोनदा वाचा. जपानी फॅमिकॉमला (तुमचा डबा ज्याची नक्कल आहे ते निन्टेन्डोचं मशीन) डीसी लागतं आणि प्लगचा मधला भाग ऋण असतो. त्याच मशीनच्या अमेरिकन आवृत्तीच्या, म्हणजे एनईएसच्या, अडॅप्टरमधून मात्र ९ व्होल्ट एसी बाहेर पडतं, कारण एसीचं डीसी करायचं काम त्या मशीनच्या पोटातच होतं. दोन्हीचा प्लग सारखाच बसतो. मी एकदा घाईत तो एसीवाला अडॅप्टर फॅमिकॉमला लावला. आधी कपॅसिटर फुगला, मग ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) गेला, आणि खोलीत तो ओळखीचा वास. चूक सर्वस्वी माझी, अडॅप्टरवर स्वच्छ छापलेलं होतं.

तुमचा डबा नकली कंपनीचा आहे, त्यामुळे त्याला काय लागतं ते त्याच्या बुडावर वाचा, दुसऱ्या कुणाचं ऐकू नका. माझंही. मल्टिमीटर असेल तर ७८०५ च्या बाहेरच्या पायावर ५ व्होल्ट येतात का ते बघा. येत असतील तर अर्धी लढाई जिंकलात.

उघडल्यावर आत एकच मोठा काळा डांबरी गोळा (चिपवरचं आवरण) दिसला तर त्या गोळ्याच्या आत हात घालायची सोय नाही. पण गोळा सहसा मरत नाही. मरतात त्या पिना, स्विच, वायरी.

मोजणीदार

पहिल्या प्रश्नाला हात घालतो. एम्युलेटर स्लो असल्यामुळे उडी उशिरा पडते हे पहिल्याच फटक्यात बाद. १९९७ सालचा नेस्टिकल हा एम्युलेटर त्या काळातल्या साध्या पेंटियमवर डॉसमध्ये पळायचा. आजच्या कॉम्प्युटरला हे काम म्हणजे किरकोळ.

पण "पळतो" आणि "बरोबर पळतो" यांत अंतर आहे, म्हणून आधी खरं मशीन काय होतं ते बघू. फॅमिकॉम १९८३ चा. सीपीयू रिकोचा २ए०३, म्हणजे ६५०२ या प्रोसेसरचाच गाभा, त्यातलं दशमान गणित बंद केलेलं आणि आवाजाची चिप त्याच तुकड्यात बसवलेली. रॅम २ केबी. चित्र काढायला वेगळी चिप, पीपीयू. दोघांचं घड्याळ एकच, २१.४७७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. सीपीयू त्याला १२ ने भागतो, पीपीयू ४ ने. म्हणून सीपीयूची एक सायकल होईपर्यंत पीपीयूचे बरोबर तीन ठिपके होतात. एका आडव्या ओळीत ३४१ ठिपके, एका फ्रेममध्ये २६२ ओळी, सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम. सीपीयूच्या वाट्याला फ्रेमला सुमारे २९,७८० सायकली येतात. गेम लिहिणाऱ्याचं सगळं जग तेवढ्यात.

हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण ३:१ हे नातं लक्षात ठेवा. मारिओमध्ये वरची स्कोअरची पट्टी स्थिर असते आणि खालचं जग सरकतं. पडदा असा दुभागायची सोय त्या चिपमध्ये नाही. मग केलं काय, तर वरच्या नाण्याच्या चित्राच्या बुडाशी शून्य क्रमांकाचा स्प्राइट (पार्श्वभूमीवर हलवता येणारं छोटं चित्र) दडवला. टीव्हीचा किरण रंगवत रंगवत तिथवर पोचला की पीपीयू एक बिट वर करतो. सीपीयू तोवर दुसरं काही न करता त्या बिटाकडे टक लावून बसलेला असतो. बिट वर गेलं की तो स्क्रोल बदलतो. आता एम्युलेटरने हा क्षण चुकवला तर पट्टी थरथरते, किंवा सीपीयू वाट बघतच बसतो आणि गेम गोठतो. म्हणून चांगला एम्युलेटर सीपीयूला दोन पावलं पुढे पळू देत नाही. दोघांना हात धरून चालवतो.

तर तुमची उडी. मला एम्युलेटरपेक्षा त्याच्या आजूबाजूच्या मंडळींवर संशय आहे. बटण दाबल्यापासून चित्र बदलेपर्यंत वाटेत कोण कोण बसलंय ते मोजा. यूएसबी कंट्रोलर, ज्याला कॉम्प्युटर ठरावीक वेळाने विचारतो, सेकंदाला १२५ वेळा विचारत असेल तर ८ मिलिसेकंदांपर्यंत तिथेच. मग गेम स्वतः, जो फ्रेमला एकदाच बटणं वाचतो. मग व्हीसिंक (टीव्हीच्या ठोक्याशी फ्रेम जुळवणं) आणि ग्राफिक्स कार्डातली फ्रेमची रांग. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात निर्लज्जपणे, तुमचा मोठा टीव्ही, जो चित्र "सुंदर" करायला दोन-चार फ्रेम दाबून ठेवतो. जुन्या ट्यूबच्या टीव्हीत दाबून ठेवायला जागाच नव्हती. सिग्नल आला की किरण तिथल्या तिथे रंगवत जायचा.

टीव्हीत गेम मोड आहे का? चालू आहे का? आणि एक छोटं काम कराल का: मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेमवर, कंट्रोलर आणि टीव्ही एकाच चौकटीत धरून बटण दाबतानाचं शूटिंग करा. बोट खाली गेल्यापासून मारिओ उठेपर्यंत फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. मग वयाचं बघू.

लॉजिकगेट

मोजणीदार, एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ एफपीजीए (आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप) घ्या म्हणावं ना. मिस्टर प्रकल्प, डीई१०-नॅनो बोर्ड. ते एम्युलेशन नाहीच, खरं हार्डवेअर आहे. एम्युलेटर म्हणजे शेवटी नक्कल.

मोजणीदार

आलं. अपेक्षितच होतं.

एफपीजीएबद्दल मला आदर आहे, पण "एम्युलेशन नाही" हे जाहिरातीचं वाक्य आहे. एफपीजीए म्हणजे कोरी पाटी, त्यावर चिपचं वर्णन कुणीतरी माणसानेच लिहिलंय. त्या माणसाला मूळ चिपचा एखादा विक्षिप्तपणा ठाऊक नसेल तर तो त्या वर्णनातही नसणार. गंमत म्हणजे ते वर्णन लिहिणारे बऱ्याचदा एम्युलेटरवाल्यांचेच कागद आणि चाचण्या वापरतात, आणि उलटही. एफपीजीए फायदा देतो तो वेगळ्या ठिकाणी. सगळे भाग खरोखर एकाच वेळी चालतात, मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम नाही, फ्रेमची रांग नाही, त्यामुळे उशीर फार कमी आणि दर वेळी सारखा. हे मोठं आहेच. पण टीव्ही तोच राहिला तर टीव्हीचा उशीरही तोच.

लॉजिकगेट

सारखा उशीर हाच तर मुद्दा. दर वेळी तेवढाच असला की हात जुळवून घेतो. कमीजास्त होणारा उशीर खड्ड्यात घालतो.

मोजणीदार

यावर पूर्ण सहमत. ही ओळ मी माझ्या पहिल्या प्रतिसादात लिहायला हवी होती.

रंगपेटी

दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावत नाही म्हणून मी. आकाश निळं की जांभळं, याचं खरं उत्तर: ज्या टीव्हीवर बघाल तसं.

ती पीपीयू चिप लाल-हिरवा-निळा अशी आकड्यांत बोलतच नाही. ती थेट कॉम्पोझिट सिग्नल (रंग आणि उजेड एकाच तारेतून) तयार करते. कुठल्या रंगासाठी रंगलहरीची कला (फेज) किती सरकवायची आणि उजेड किती, एवढंच तिच्या पोटात असतं. रंगांची ६४ घरं आहेत, त्यांतली बरीच काळी किंवा पुनरुक्त, वेगवेगळे रंग निघतात ५० च्या थोडे वर. त्या सिग्नलचं रंगात भाषांतर करायचं काम टीव्हीचं. आणि टीव्हीवर "टिंट"चं बटण होतं, आठवतंय? घरातला जो कुणी ते फिरवेल तो रंग ठरवायचा.

त्यामुळे एम्युलेटरमधली पॅलेट फाइल म्हणजे कुणाच्या तरी टीव्हीची किंवा कुणाच्या तरी गणिताची साक्ष. निळी निवडा, जांभळी निवडा, खोटं कुठलंच नाही. मी स्वतः सिग्नलचं गणित करणारा एनटीएससी (जपान-अमेरिकेची टीव्ही पद्धत) फिल्टर लावते, कारण रंगांच्या कडा एकमेकांत झिरपतात तेही चित्राचाच भाग होतं. सेगाच्या मेगा ड्राइव्हवरच्या सॉनिकमधला धबधबा बघा. उभ्या पट्ट्या, एक रंगवलेली, एक रिकामी. धारदार एलसीडीवर तो गजांचा पिंजरा दिसतो. कॉम्पोझिटवर पट्ट्या मिसळून पाणी पारदर्शक व्हायचं. चित्रकाराने केबलचा दोषच कुंचल्यासारखा वापरला.

(स्कॅनलाइनचा फिल्टर लावून पडद्यावर काळ्या रेघा मारणारे आणि त्यालाच सीआरटी (ट्यूबचा टीव्ही) म्हणणारे, त्यांच्याबद्दल मी पुन्हा कधीतरी बोलेन. कृपया हलके घ्या.)

वाचनमात्र

बदकं मारायच्या गेमची माझी बंदूक आधुनिक टीव्हीवर का चालत नाही हे इथे विचारलं तर चालेल का? बदकं मरत नाहीत.

रंगपेटी

चालेल. घोडा ओढला की गेम एक फ्रेम पडदा काळा करतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डायोड. काळ्यानंतर ठरल्या वेळी उजेड दिसला तर बदक मेलं. एलसीडी तो चौकोन उशिरा दाखवतो, तोवर गेमने निकाल देऊन टाकलेला असतो. शिवाय ती बंदूक सीआरटीच्या किरणाच्या लुकलुकीवर बेतलेली आहे, सपाट पडद्याचा संथ उजेड तिच्या हिशेबात बसत नाही. बदकं निर्धास्त आहेत.

अवांतरवाली

अवांतर करते, नावाला जागून. "हार्डवेअरचा दोष हाच सौंदर्याचा भाग" हे पहिल्या प्लेस्टेशनलाही लागू आहे का? मी डकस्टेशन या एम्युलेटरवर जुने गेम बघितले, भिंती थरथरतात, जमिनीच्या फरशा वाकड्या होतात. आधी वाटलं एम्युलेटर बिघडला.

मोजणीदार

नाही, तो अगदी बरोबर चाललाय. प्लेस्टेशन (१९९४) मध्ये आर३००० सीपीयूच्या जोडीला जीटीई नावाचा गणिती भाग आहे, तो पूर्णांकांत गणित करतो. त्रिकोणाचे कोपरे पूर्ण पिक्सेलवरच बसतात, मधल्या अपूर्णांकाला जागा नाही. कॅमेरा हळू सरकला की कोपरे एका पिक्सेलवरून दुसऱ्यावर टुणकन उडी मारतात. ती थरथर. आणि चित्र त्रिकोणावर चिकटवताना जवळ-लांब याचा विचार होत नाही, म्हणून जवळच्या मोठ्या फरशा वाकतात. हुशार प्रोग्रामर जवळची जमीन लहान लहान तुकड्यांत तोडायचे. पीजीएक्सपी नावाची सोय चालू केली तर एम्युलेटर ते हरवलेले अपूर्णांक स्वतः सांभाळतो आणि भिंती शांत होतात.

अवांतरवाली

चालू केलं. शांत झाल्या. आणि लगेच वाटलं की दुसराच गेम बघतेय. बंद केलं.

लॉजिकगेट

मग सुपर एनईएसचं काय म्हणाल? तिथे तर एम्युलेटरवाल्यांनीच कबूल केलं होतं की नेमकेपणाला दणकट कॉम्प्युटर लागतो.

मोजणीदार

बीस्नेस या सुपर एनईएसच्या एम्युलेटरबद्दल म्हणताय. झेडस्नेससारखे जुने एम्युलेटर वेगासाठी सोयीचे शॉर्टकट मारायचे, लोकप्रिय गेम चालतील एवढं बघायचे. बीस्नेसने उलटी वाट धरली. एअर स्ट्राइक पेट्रोल नावाचा एक गेम आहे, त्यात विमानाची सावली ओळ रंगवली जात असतानाच मध्ये रजिस्टर (चिपची सेटिंग) बदलून काढलीये. पूर्ण ओळ एकदम रंगवणाऱ्या एम्युलेटरवर ती सावलीच गायब. गेम चालतो, पण लक्ष्य कुठे आहे हे सांगणारी खूण जाते. एका गेमच्या एका सावलीसाठी ठिपका-ठिपका रंगवणारा पीपीयू लिहायचा, त्यासाठी कॉम्प्युटर कित्येक पटीने राबवायचा. वेडेपणा वाटेल. मला तो वाटत नाही.

दुसऱ्या टोकाला निन्टेन्डो ६४ चा अल्ट्राएचएलई, १९९९. त्याने चिपची नक्कल करायचा हट्टच सोडला. गेम ग्राफिक्स चिपला काय सांगू पाहतोय तो आदेश पकडायचा आणि कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाला त्याच्या भाषेत सांगायचा. कन्सोल बाजारात येऊन तीन वर्षंही झाली नव्हती आणि त्याचे गेम साध्या पीसीवर पळाले. मोजकेच, पण पळाले. अर्थ ओळखायचा की अक्षर गिरवायचं, हे भांडण तेव्हापासून चालूच आहे.

खड्ड्यातला_मारिओ

बापरे. दोन दिवस कामात होतो, इथे एवढं झालं!

अपडेट १: डबा उघडला. आत खरोखर काळा गोळा. पिना अल्कोहोलने पुसल्या, सहा काड्या काळ्या झाल्या. अडॅप्टरच्या वायरीत तुटकं होतं, खटपट्यांच्या धाकाने बुडावर काय छापलंय ते तीनदा वाचून नवा घेतला. ५ व्होल्ट येतात. आणि चालू झाला!! जुना ट्यूबचा टीव्ही अजून होता, त्यावरच लावला.

अपडेट २: शूटिंग केलं, दहा-दहा वेळा. सरासरी अशी.
डबा आणि ट्यूब टीव्ही: ८ फ्रेम, म्हणजे ३३ मिलिसेकंद.
एम्युलेटर आणि मोठा टीव्ही: ३१ फ्रेम. १२९ मिलिसेकंद!
गेम मोड बंद होता (लाज वाटते). चालू केल्यावर १९ फ्रेम, ७९ मिलिसेकंद.

पण एक विचित्र गोष्ट. डब्यावर उडी बरोबर पडते, हे ठीक. पण डब्यावर मारिओ एम्युलेटरपेक्षा हळू पळतो असं वाटतं. गाणंही संथ आणि जरा वेगळ्याच नाकातल्या आवाजात. डबा थकलाय का?

मोजणीदार

थांबा. हे फार महत्त्वाचं आहे. स्टॉपवॉच घ्या. मारिओला सुरक्षित जागी उभं करा आणि वरचा टाइम ४०० पासून ३०० पर्यंत यायला किती सेकंद लागतात ते मोजा. दोन्हीकडे.

खड्ड्यातला_मारिओ

एम्युलेटर: ४० सेकंद.
डबा: ४८ सेकंद.
दोनदा मोजलं.

मोजणीदार

सापडलं.

त्या गेममधला टाइमचा एक आकडा म्हणजे २४ फ्रेम. शंभर आकडे म्हणजे २,४०० फ्रेम. सेकंदाला ६० असतील तर ४० सेकंद, ५० असतील तर ४८. तुमचा डबा थकलेला नाही, तो ५० हर्ट्झचा आहे, पाल (५० हर्ट्झची टीव्ही पद्धत) टीव्हीसाठी बनवलेला. लहानपणी तुम्ही जो मारिओ खेळलात तो जपानी-अमेरिकन मारिओपेक्षा सहाव्या हिश्शाने हळू होता. हाताला वळण लागलंय ते ५० चं. एम्युलेटरने तुम्हाला ६० चा दिला, जो "मूळ" आहे पण तुमचा नाही. म्हणजे एकीकडे टीव्ही उशीर करत होता आणि दुसरीकडे गेम तुमच्या आठवणीपेक्षा वेगाने पळत होता. खड्ड्यात जाल नाहीतर काय!

आता यातला बारकावा मला फार आवडतो. अधिकृत पाल एनईएसमध्ये ३:१ चं नातं बिघडतं, तिथे सीपीयूच्या एका सायकलीला ३.२ ठिपके. ३ वर बेतलेल्या जपानी गेमांच्या युक्त्या तिथे घसरू शकतात. नकली डबे बनवणाऱ्यांना जपानी गेमच चालवायचे होते. म्हणून त्यांनी ३:१ तसंच ठेवलं, ओळी २६२ च्या ३१२ केल्या, आणि वाढलेल्या ओळी अशा जागी टाकल्या की गेमला पत्ता लागू नये. गेमला वाटतं आपण जपानी मशीनवरच आहोत, फक्त जग जरा निवांत झालंय. रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या डेंडी या नकली मशीनवरून एम्युलेटरांमध्ये या प्रकाराला नावच "डेंडी" पडलंय. मेसेन, एफसीईयूएक्स या एम्युलेटरांच्या रिजनच्या सेटिंगमध्ये ते सापडेल.

नाकातल्या आवाजाचंही कारण आहे. मूळ चिपमध्ये चौकोनी लहरीचे ठरावीक आकार निवडता येतात. अनेक नकली चिपांत त्यांतले दोन, २५ आणि ५० टक्क्यांचे, उलटसुलट झालेत. नक्कल करताना कुणाची तरी चूक झाली आणि ती लाखो कानांत गाणं म्हणून बसली. मेसेनमध्ये ती चूक चालू करायचीही सोय आहे.

रंगपेटी

म्हणजे धागाकर्त्यांचा "खरा" डबा हीच एक नक्कल, आणि एम्युलेटर आता त्या नकलेची नक्कल करणार. लॉजिकगेट, कुठे आहात?

लॉजिकगेट

इथेच आहे. वाचतोय. काळा गोळा म्हणजे अख्खा फॅमिकॉम एका सिलिकॉनच्या तुकड्यावर, दुसऱ्याच कुणीतरी पुन्हा बनवलेला. मी ज्याला "खरं हार्डवेअर" म्हणत होतो त्यात हा बसतो की नाही, यावर विचार चालू आहे. घाई करू नका.

अवांतरवाली

हे सगळं कायदेशीर आहे ना? कुणीतरी विचारायलाच हवं.

मोजणीदार

एम्युलेटर आणि गेम या दोन वेगळ्या गोष्टी धरा. अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात २००० साली अपील न्यायालयाने म्हटलं की एम्युलेटर बनवण्यासाठी मशीनच्या बायोसचा (मशीनमध्येच बसवलेल्या मूळ प्रोग्रामचा) उलगडा करणं हा न्याय्य वापर आहे. पण गेम आणि बायोस यांचा कॉपीराइट जिवंत आहे, ते नेटवरून उतरवणं म्हणजे विनापरवाना प्रत. स्वतःच्या कॅसेटमधून स्वतः उतरवून घेण्याबद्दल कायदा देशोदेशी वेगळा. मी कॅसेट रीडरने माझ्याच कॅसेटी उतरवतो आणि चेकसम (प्रत अचूक आहे का ते सांगणारा आकडा) नो-इंट्रो या संग्राहकांच्या यादीशी जुळतो का बघतो. जुळला की समाधान वाटतं, ते निराळंच.

खटपट्या

कॅसेट उतरवण्यावरून आठवलं. धागाकर्ते, ज्या कॅसेटींत गेम सेव्ह होतो त्यांच्या आत बटणासारखा सेल असतो, बहुतेकदा सीआर२०३२. सेव्ह रॅममध्ये, आणि रॅम त्या सेलवर जगते. सेल बदलायच्या आधी सेव्ह रीडरने उतरवून घ्या. सेल निघाला की वर्षानुवर्षांचं राज्य एका क्षणात जातं. आणि नवा सेल पत्तीवाला घ्या, नुसत्या सेलवर थेट सोल्डर लावू नका, तापून फुटतो.

खड्ड्यातला_मारिओ

अपडेट ३. एम्युलेटर डेंडीवर टाकला. आधी चित्र अडखळत होतं, मग लक्षात आलं की टीव्ही ६० वर आणि गेम ५० वर. टीव्हीला ५० हर्ट्झ द्यायला लावलं, सुरळीत झालं. आवाजातली ती चूकही चालू केली. गाणं सुरू झाल्यावर मी पाच मिनिटं खेळलोच नाही, नुसतं ऐकलं.

मग एम्युलेटर चालवणाऱ्या रेट्रोआर्कमध्ये रन-अहेड नावाचं काहीतरी दिसलं, ते १ वर ठेवून बघितलं. आता १३ फ्रेम, ५४ मिलिसेकंद. हे काय आहे?

मोजणीदार

चोरी आहे, पण कबूल करून केलेली. गेम बटण वाचतो आणि परिणाम पुढच्या फ्रेमला दाखवतो, ही त्याची स्वतःची सवय. रन-अहेड काय करतं, तर मशीनची अवस्था जपून ठेवतं, एक फ्रेम गुपचूप पुढे चालवून ती तुम्हाला दाखवतं, आणि परत मागे येतं. पुढच्या वेळी बटण बदललं असेल तर त्या बटणानिशी पुन्हा. खऱ्या मशीनला हे कधीच जमणार नाही. १ च ठेवा. गेमच्या सवयीपेक्षा जास्त ठेवलंत तर मारिओ उडीची पहिली पायरी गाळून एकदम हवेत दिसेल.

लॉजिकगेट

खऱ्या मशीनला न जमणारी गोष्ट करून खऱ्या मशीनच्या जवळ जायचं. बरं.

खड्ड्यातला_मारिओ

शेवटची चाचणी. ८-१ चा तोच खड्डा, दहा-दहा प्रयत्न.
एम्युलेटर, सगळं नीट लावून: दहापैकी ४ वेळा खड्ड्यात.
डबा आणि ट्यूब टीव्ही: दहापैकी ६ वेळा.

मला वाटलं होतं उलट होईल. उशीर तर डब्याचा कमी आहे!

खटपट्या

कंट्रोलर उघडा. उडीच्या बटणाखालच्या रबरावर काळी कार्बनची टिकली असते, ती पाटीवरच्या दोन पट्ट्या जोडते. तीस वर्षांत तिच्यावर थर बसतो, मग बटण दाबलं तरी कधी लागतं कधी नाही. अल्कोहोल जपून, टिकली अलगद पुसा, पाटीवरच्या पट्ट्या नीट पुसा. लॉजिकगेट म्हणाले ना, कमीजास्त होणारा उशीर खड्ड्यात घालतो.

खड्ड्यातला_मारिओ

उघडला, पुसला. आत बिस्किटाच्या रंगाचं काहीतरी होतं, त्याची चौकशी नको.

डबा: दहापैकी ४. दोन्हीकडे बरोबरी झाली.

उरलेले चार कुणाच्या खात्यावर टाकायचे ते मी या धाग्यात विचारणार नाहीये.